फेकलेलं कूलंट परत आणायचं कसं?

प्रश्न : तासगाव रस्त्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. शेती अवजारं आणि फवारणी पंपांची दुरुस्ती करतो. अलीकडं सेकंडहँड टेबलटॉप मिलिंग मशीन घेतलं. त्यावर १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिल कटरनं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेटमध्ये स्लॉट म्हणजे खाच काढतो, स्पीड साधारण १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे). कापताना सुटणाऱ्या चिप्स (कपच्या) निळ्या पडतात आणि एंडमिलची धार लगेच जाते. सध्या ब्रशनं कूलंट (कटर थंड ठेवणारं तेल-पाणी) लावतो. तयार कूलंट सिस्टीम मला परवडणारी नाही. कूलरचा पंप आणि एखादी बादली घेऊन घरी काही जमेल का? मशीनला त्रास होणार नाही ना?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : जमेल, आणि चांगलं जमेल. पण पंप आणायच्या आधी स्पीड कमी करा. एचएसएस कटरला एमएसवर मिनिटाला २५ मीटरच्या आसपास कटिंग स्पीड धरतात. १० मिमी व्यासाला हिशेब केला तर ८०० आरपीएम येतात. तुमच्या १५०० वर कटरची कड मिनिटाला ४७ मीटर पळते, म्हणजे जवळपास दुप्पट. पोलादाची चिप निळी पडते ती साधारण ३०० अंशांच्या पुढं गेल्यावर. एवढी उष्णता तुम्ही मुद्दाम तयार करणार आणि मग ती काढायला पाणी ओतणार, यात काही अर्थ नाही. मशीनला लो गिअर असेल तर त्यात टाका. हाय गिअरमध्ये नुसती नॉब फिरवून स्पीड उतरवला की या लहान मोटारी दम टाकतात. ८०० वर आल्यावर ब्रशनंसुद्धा फरक दिसेल, आणि त्यानंतर कूलंटची खरी मदत किती ते तुम्हाला कळेल.

मदत मोठीच असते. अमेरिकेतल्या मिडव्हेल स्टील कारखान्यात इंजिनिअर फ्रेडरिक टेलरनं १८८०च्या दशकात प्रयोग केले होते. लेथवर पोलाद कापताना चिप जिथं सुटते नेमक्या त्या जागी पाण्याची जाड धार सोडली, तर कटिंग स्पीड ३० ते ४० टक्के वाढवता येतो, असं त्याला आढळलं. पाण्यानं गंज चढू नये म्हणून त्यात धुण्याचा सोडा मिसळत. यातून घ्यायची गोष्ट ही, की धार जाड आणि सतत हवी आणि ती योग्य जागी पडायला हवी. तिला फार जोर असायची गरज नाही. म्हणूनच लहान पंपावर आपलं काम भागतं.

आता कूलरचा पंप. तो १८ वॉटचा असतो आणि लेबलवर १.८५ मीटर हेड लिहिलेलं असतं. पंपांसाठी नावाजलेली किर्लोस्करवाडी १९१० साली आपल्याच सांगली जिल्ह्यात वसली. हेड म्हणजे काय हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही, आणि तुमचा तर तो धंदाच आहे. लेबलवरचं हेड म्हणजे जिथं पाणी यायचं थांबतं ती उंची. बादली जमिनीवर आणि नोझल सव्वा मीटरवर ठेवलं, तर पंपाची बहुतेक ताकद पाणी वर चढवण्यातच संपते आणि वर केविलवाणी धार मिळते. बादली मशीनच्या स्टँडवर, टेबलाच्या दोन वीत खाली घेतली, तर तोच पंप चांगला चालतो.

पण एमएसच्या कामाला या पंपाची एक अडचण आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या आत फिरणारा रोटर चुंबकाचा असतो आणि तो थेट पाण्यात फिरतो. लोखंडाचा बारीक चुरा बादलीपर्यंत पोचला की सरळ जाऊन त्या चुंबकाला चिकटतो. रोटर घासायला लागतो आणि काही दिवसांत अडकतो. ॲल्युमिनियम, पितळ असल्या कामाला कूलरचा पंप खुशाल लावा. लोखंडाला मी तो लावणार नाही.

तुमच्यासाठी योग्य पंप तुमच्याच दुकानात आहे. बॅटरीवरच्या पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टचा डायफ्रामचा पंप असतो, तो घ्या. त्यात पाण्याच्या वाटेवर चुंबक नाही. तो स्वतः पाणी ओढतो, त्यामुळं टाकीच्या बाहेर, कोरड्या जागी बसवता येतो. आणि १२ व्होल्ट असल्यानं ओल्या मशीनजवळ २३० व्होल्टची वायर न्यावी लागत नाही. मिनिटाला तीन लिटर मिळाले तरी सेकंदाला ५० मिलि होतात, १० मिमीच्या कटरला ते भरपूर आहेत. पंपावर किती अँपिअर लिहिलेत ते बघून त्याहून थोडा मोठा १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा) घ्या. पंप मात्र नवाच घ्या. औषध फवारलेला जुना पंप कितीही धुतला तरी इथं वापरू नका. त्यातलं पाणी दिवसभर तुमच्या हातावर उडणार आहे.

या पंपाचं वागणं कूलरच्या पंपापेक्षा वेगळं आहे. कूलरच्या पंपाला पुढं कॉक लावून धार कमी केली तरी त्याचं काही बिघडत नाही. डायफ्रामच्या पंपाचा कॉक आवळला की दाब चढतो, प्रेशर स्विच पंप बंद करतो, परत चालू करतो, आणि धार उचक्या देत येते. म्हणून पंपानंतर टी (तीन तोंडांचा जोड) टाका. एक फाटा कॉकमधून नोझलला आणि दुसरा फाटा दुसऱ्या कॉकमधून परत टाकीत. जास्तीचं पाणी टाकीत जाऊ द्या. पंपातल्या झडपा बारीक असतात, त्यांच्यात एक चिप अडकली तरी पाणी येईनासं होतं, तेव्हा सक्शनला गाळणी हवीच. कूलंटमधल्या तेलानं आतलं रबर हळूहळू फुगू शकतं. डायफ्रामचा एक किट कपाटात ठेवा.

इथंवर सगळा पंपाचा भाग झाला. घरी केलेल्या बहुतेक कूलंट सिस्टीम बंद पडतात त्या पंपापायी नाही. कूलंट टूलवर फेकणं अर्ध्या तासाचं काम आहे. ते सगळंच्या सगळं, चिप्सशिवाय, वरच्या तेलाशिवाय टाकीत परत आणणं हे खरं काम. कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं. तिथं मोठ्या मशीनवरसुद्धा मी सगळ्यात आधी कूलंट परत येण्याचा मार्ग तपासायचो. तुमचा वेळ आणि पैसा या भागाला द्या.

सुरुवात ट्रेपासून करा. टेबल डावी-उजवीकडं आणि पुढं-मागं जितकं जातं, त्या सगळ्या हालचालीच्या बाहेर ट्रेची कड आली पाहिजे. माप घेताना टेबल चारी टोकांना नेऊन बघा. टेबल मधोमध ठेवून माप घेतलं की ट्रे हमखास लहान होतो. जीआय पत्र्याला दोन-अडीच इंच कड वळवून, कोपरे झाळून घ्या. एका कोपऱ्याकडं उतार द्या आणि तिथं एक इंची टँक निपल बसवा. अर्धा इंची नको, कारण परतीला पंपाचा जोर नसतो, पाणी नुसतं उतारानं वाहतं, आणि अर्धा इंच भोक चिप्सच्या एका गुंडाळीनं बंद होतं. निपलच्या तोंडावर स्टीलची जाळी वाकवून उलटी टोपी बसवा. मोठ्या चिप्स ट्रेमध्येच राहतील, त्या ब्रशनं गोळा करता येतील.

आता टाकी. झाकणाचा आयताकृती प्लास्टिकचा डबा घ्या, २५ लिटरच्या आसपासचा. त्यात पार्टिशन चिकटवायच्या भानगडीत पडू नका. हे डबे ज्या प्लास्टिकचे असतात त्याला सिलिकॉन नीट धरत नाही, महिनाभरात पट्टी सुटते. त्यापेक्षा मोठ्या डब्यात एक लहान बादली ठेवा. ट्रेचं पाणी या बादलीत पडेल. जड चुरा तिच्या तळाशी बसेल आणि मशीनचं ऑइल वर तरंगेल. बादलीतून मोठ्या डब्यात पाणी जायला कडेच्या दोन-तीन इंच खाली भोक पाडून पाइप टाका आणि आतल्या बाजूला टी लावा. टीचं एक तोंड वर उघडं ठेवा आणि दुसरं खाली, पाण्याच्या मध्यापर्यंत जाऊ द्या. सेप्टिक टँकच्या आउटलेटला गवंडी लावतो तशीच ही टी. मधलं स्वच्छ पाणी तेवढं पुढं जातं. तळचा गाळ तळाशी राहतो, वरचं तेल वर राहतं आणि रोज संध्याकाळी ते फडक्यानं टिपता येतं.

बादलीत जुन्या स्पीकरचं चुंबक टाका, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. लोखंडाचा बारीक चुरा पिशवीवर गोळा होतो. साफ करताना चुंबक पिशवीतून बाहेर काढलं की सगळा चुरा आपोआप गळून पडतो. उघड्या चुंबकावर बसलेला चुरा बोटं कापून घेतल्याशिवाय निघत नाही. पंपाची सक्शन नळी मोठ्या डब्यात बादलीच्या विरुद्ध टोकाला, तळापासून दोन इंच वर. टाकीत २० लिटर पाणी आणि पंप मिनिटाला तीन लिटरचा, म्हणजे पाण्याला फेरी पूर्ण करायला साडेसहा मिनिटं मिळतात. चुरा खाली बसायला ती पुरतात. मोठा पंप आणि लहान टाकी अशी जोडी केली, तर पाणी ढवळतच राहतं आणि घाण परत टूलवर येते.

नोझलला पाव इंची लवचीक कूलंट होज मिळते, मण्यांसारखे तुकडे एकमेकांत बसवलेली. ती नको असेल तर फ्रीजवाल्याकडची ६ मिमी तांब्याची नळी वाकवून घ्या, तीही वळवली तशी राहते. स्लॉट काढताना नोझल कटरच्या मागं ठेवा, धार कापून झालेल्या खाचेतून कटरकडं गेली पाहिजे. पुढून धार मारली तर चिप्स खाचेत अडकतात, कटर त्याच पुन्हा चघळतो आणि कटरची धार जाते.

मशीनला त्रास होईल का, हे तुम्ही विचारलंत. काळजी घेतली नाही तर होईल. टेबलटॉप मशीनचं स्पीड कंट्रोलचं सर्किट बरेचदा कॉलमवरच्या (उभ्या खांबावरच्या) किंवा मागच्या डब्यात असतं आणि त्या डब्याला हवेसाठी चिरा असतात. तिथं शिंतोडे जाता कामा नयेत. पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी आडवी लावा, टेबलाच्या बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा पडदा सोडा. मशीनकडं येणाऱ्या प्रत्येक वायरीला डब्यात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकेल. मशीनच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. या बाबतीत काटकसर करू नका, पंप १२ व्होल्टचा असला तरी मशीन २३० वरच चालतं. कूलंट स्लाइडवरचं तेल धुऊन नेतं, म्हणून काम संपल्यावर टेबल पुसा, व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) उचलून तिच्या खालचंही पुसा आणि स्लाइड, लीड स्क्रूला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल द्या. व्हाइसखाली राहिलेल्या ओलीनं टेबलावर गंजाचा डाग पडतो आणि तो जात नाही.

मिश्रण करताना पाणी आधी, तेल नंतर. १९ लिटर पाणी घ्या आणि ढवळत ढवळत त्यात एक लिटर सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल) ओता. हे पाच टक्के झालं. तेलात पाणी ओतलं तर दुधासारखं एकजीव होत नाही, गोळे होतात. पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, कूलंट फाटतं आणि वर साय येते. काचेच्या बाटलीत थोडं कालवून रात्रभर ठेवा, सकाळी साय दिसली तर ते पाणी सोडून द्या. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी, पहिला पाऊस सोडून, साठवलं तर उत्तम. पाणी फार मऊ असेल तर फेस येतो, मग त्यात थोडं नळाचं मिसळा.

टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, तेल मागं राहतं. म्हणून भर घालताना पाच टक्क्यांचं मिश्रण घालू नका, दोन-अडीच टक्क्यांचं पुरतं. मोजायला काही विकत घ्यायची गरज नाही. तुमच्या तासगावात द्राक्षाची गोडी बघायला बागायतदार जो ब्रिक्स मीटर वापरतात, तोच कूलंटला चालतो. काचेवर एक थेंब टाका, आकडा वाचा आणि तेलाच्या माहितीपत्रकात दिलेल्या गुणकानं गुणा. साध्या सोल्युबल ऑइलला हा गुणक एकच्या जवळपास असतो. मीटर परत देण्याआधी काच साबणानं स्वच्छ धुवा, त्यांच्या मालाचा सौदा त्या काचेवर ठरतो.

दोन गोष्टी राहिल्या. बीड (कास्ट आयर्न) कापताना कूलंट बंद ठेवा. बीड कोरडंच चांगलं कापतं, त्याची पूड ओली झाली की चिखल होऊन सगळी टाकी भरते. आणि पुढं कधी कार्बाइडचा कटर घेतलात, तर पोलादावर एकतर पूर्ण कोरडं चालवा नाहीतर भरपूर, अखंड धार ठेवा. तापलेल्या कार्बाइडवर अधूनमधून पाणी पडलं की त्याला बारीक तडे जातात.

प्रश्न : आमच्या लहान युनिटमध्ये सुट्टीनंतर मशीन चालू केलं की कूलंटला कुजल्यासारखा वास येतो. तेल जास्त घातलं तरी जात नाही. काय करावं?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : तेल वाढवून हा वास जाणार नाही. मशीनमधून गळालेलं ऑइल कूलंटवर थर धरून बसतं. मशीन चालू असताना पाणी ढवळतं, हवा मिळते. सुट्टीत तेलाच्या थराखाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळं सडक्या अंड्याचा वास येतो. शनिवारी संध्याकाळी वरचं तेल काढून टाका आणि माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा लहान पंप कूलंटमध्ये सुट्टीभर चालू ठेवा. त्याला वीज नगण्य लागते. दर आठवड्याला पीएच पट्टी लावून बघा. साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान असावा. साडेआठच्या खाली गेला की जिवाणूंना सोयीचं होतं आणि कापलेले जॉब (तुकडे) गंजायला लागतात. टाकीत कुणी चहा, तंबाखूची पिंक, जेवणाचं खरकटं टाकत असेल तर ते आज बंद करा.

एवढं करूनही वास राहिला तर टाकी पूर्ण रिकामी करून, तळाचा गाळ खरवडून, धुऊन नव्यानं भरावी लागेल. जुन्या टाकीत नवं कूलंट ओतलं तर तेच जिवाणू त्यावर पोसतात. काढलेलं कूलंट गटारात किंवा नाल्यात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपले नाले शेवटी कृष्णेलाच मिळतात आणि आपण तिचंच पाणी पितो. तेलकट कचरा २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. कॅनमध्ये भरून, वर नाव-तारीख लिहून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कचरा उचलणाऱ्याकडं द्या. लहान युनिटचा माल कमी असतो, म्हणून शेजारच्या तीन-चार शेडवाल्यांनी मिळून एकत्र द्यावा.

आणि कामगारांच्या हाताकडं बघा. बोटांच्या बेचक्यांत लाली, खाज, भेगा दिसल्या तर ते कूलंटमुळं असू शकतं. काम संपल्यावर साबणानं हात धुणं, कूलंटनं भिजलेला शर्ट बदलणं आणि चिप्स लागलेल्या फडक्यानं हात न पुसणं, यानं बराच त्रास टळतो. हातमोजे मात्र फिरत्या कटरजवळ घालू देऊ नका. कटर मोजा ओढून घेतो आणि त्याबरोबर हातही.

प्रश्न : घरात पहिल्या मजल्यावर लहान मिलिंग मशीन आहे. पितळ, ॲक्रिलिक आणि कधीतरी ॲल्युमिनियमचं काम करतो. टाकी, ट्रे शक्य नाही. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पितळ कोरडं कापा. ॲक्रिलिकवर नुसती हवा मारा, तेलकट किंवा स्पिरिटसारखं काही लावू नका, त्यानं बारीक भेगा येतात. राहिलं ॲल्युमिनियम. ते कटरला चिकटतं, म्हणून थोडा ओलावा हवा, पण पूर नको. दवाखान्यांच्या मिरजेत तुम्हाला कुठल्याही मेडिकलमध्ये सलाईनचा सेट मिळेल, नवा, पाकीटबंद. प्लास्टिकच्या बाटलीत पाच टक्क्यांचं कूलंट भरा, ती कॉलमपेक्षा उंच उलटी टांगा, वर आलेल्या तळाला बारीक छिद्र पाडून हवा आत जाऊ द्या आणि सेटच्या चाकीनं थेंब जुळवा. साध्या सेटमधून २० थेंबांना एक मिलि येतं, पाकिटावर ते छापलेलं असतं. मिनिटाला ६० थेंब सोडले तर तासाला १८० मिलि होतात, मशीनखाली जुनी चादर पसरली तरी पुरतं. नळीचं टोक तारेनं बांधून कटरच्या अगदी जवळ आणा, कटरला लागणार नाही एवढं अंतर ठेवून. या सेटमध्ये केरोसीन घालू नका. घरात आगीचा धोका आहेच, शिवाय नळीचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं.